मॉडेल रेल्वेच्या मांडणीवरील दिवे आणि उपकरणे: वीजजोडणी पायरीपायरीने

रुळांवरून गाडी नीट पळू लागली, की पुढचा मोह दिव्यांचा असतो. फलाटावर चार खांब, स्टेशनमास्तरांच्या खोलीत उजेड, वळणावर लाल-हिरवा सिग्नल. या टप्प्यावर बहुतेक नवशिके एकच चूक करतात: रुळांत वीज आहेच, मग दिव्याच्या दोन तारा त्यांनाच का जोडू नयेत, असा विचार ते करतात. दिवा लागतोही, पण गाडी सावकाश केली की तो मंदावतो आणि गाडी थांबली की गावात अंधार पडतो. साध्या डीसी कंट्रोलरवर गाडीचा वेग रुळांतील व्होल्टेज ० ते १२ व्होल्टच्या दरम्यान कमी-जास्त करूनच ठरतो आणि दिशा बदलण्यासाठी धन-ऋण टोकांची अदलाबदल होते; त्यामुळे गाडी उलट दिशेने नेली की एलईडी विझणारच.

डीसीसी पद्धतीत, म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला डिजिटल आदेश पाठवणाऱ्या पद्धतीत, रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असते, म्हणून तेथे हा मोह अधिक फसवा असतो. परंतु तेथील प्रत्येक ॲम्पियर बूस्टरमधून, म्हणजे रुळांना वीज पुरवणाऱ्या उपकरणातून येतो, आणि बूस्टर हा सगळ्या यंत्रणेतील महागडा भाग असतो. एखादा डबा रुळांवरून घसरून शॉर्ट झाला, की बूस्टर स्वतःला बंद करून घेतो आणि गाडीबरोबर सगळे गावही काळोखात जाते. सांध्यांच्या (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडांच्या) मोटरी चालवणारे, डिजिटल आदेश वाचणारे डीकोडरही रुळांवरच पोसलेले असतील, तर पेच आणखी घट्ट होतो: चुकीच्या लागलेल्या सांध्यावर इंजिन चढून शॉर्ट झाला, की तो सांधा बदलण्यासाठी लागणारी वीजच उरत नाही. म्हणून रुळांची वीज फक्त गाड्यांना आणि बाकी सगळ्यांना स्वतंत्र पुरवठा, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. या दोन यंत्रणांच्या तारा कोठेही एकमेकींना लागू देऊ नयेत. एकच परतीची तार दोघांत वाटून घेण्याची जुनी काटकसर तर डीसीसीवर करूच नये. याला अपवाद एकच, तो म्हणजे डब्यांच्या आतील दिवे. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

आधी हिशेब, मग खरेदी

मांडणीवर काय काय लावायचे आहे, याची यादी करून प्रत्येक वस्तूपुढे तिचा करंट लिहावा. १२ व्होल्टचा गव्हाच्या दाण्याएवढा तंतूचा बल्ब साधारण ५० ते ८० मिलिॲम्पियर घेतो. आजकालचा एलईडी २० मिलिॲम्पियर सहन करतो खरा, पण घराच्या खिडकीला २-३ आणि रस्त्यावरील खांबाला ५ पुरतात. सांधा संथपणे सरकवणारी मोटर शेवटच्या टोकाला अडून उभी असतानाही १५-२० मिलिॲम्पियर घेत राहते. कॉइलच्या झटक्याने सांधा फेकणारी मोटर मात्र क्षणभरासाठी २ ते ४ ॲम्पियर ओढते. तिला या यादीत धरू नये, तिची सोय निराळी करावी लागते.

समजा, घरांत २४ एलईडी आहेत आणि प्रत्येकाला ३ मिलिॲम्पियर लागतात. १६ खांबांना प्रत्येकी ५, एकेक दिवा पेटलेल्या १० सिग्नलना प्रत्येकी १०, संथगतीच्या ८ मोटरींना प्रत्येकी २० आणि जुन्या घरांतील २० तंतूच्या बल्बना प्रत्येकी ६० मिलिॲम्पियर लागतात. बेरीज १,६१२ मिलिॲम्पियर, म्हणजे सुमारे १.६ ॲम्पियर होते. त्यातले १,२०० एकट्या २० बल्बनी खाल्ले आहेत, हे ध्यानात घ्यावे. तंतूच्या बल्बचा पिवळा, उबदार उजेड मलाही आवडतो. पण प्लॅस्टिकच्या घरात तो छप्पर मऊ करतो आणि पुरवठ्यावर असा भार टाकतो. नवीन घरांत तरी एलईडीच बसवावेत. जुने बल्ब ठेवायचेच असतील, तर १२ व्होल्टच्या बल्बला ९-१० व्होल्टच द्यावेत. उजेड जरा उतरतो, पण आयुष्य कैक पटींनी वाढते.

आलेल्या बेरजेवर निदान निम्मी भर घालावी. वर्षानुवर्षे पूर्ण भाराखाली तापत राहणारा पुरवठा लवकर दगा देतो, शिवाय मांडणी आहे तेवढीच राहिली असे सहसा घडत नाही. आपल्या उदाहरणाला १२ व्होल्ट, ३ ॲम्पियरचा पुरवठा योग्य ठरेल.

पुरवठा कोणता घ्यावा

बंद आवरणाचा, स्थिर व्होल्टेज देणारा १२ व्होल्ट डीसी ॲडाप्टर हा माझ्या मते बहुतेकांसाठी सर्वांत बरा पर्याय आहे. उघड्या पत्र्याच्या पेटीतील पुरवठ्यावर घरगुती विजेचे स्क्रू हाताशी असतात. मांडणीखाली उताणे पडून, डोळ्यांत लाकडाचा भुसा जात असताना काम करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. मांडणीखाली घरगुती व्होल्टेजची उघडी जोडणी एकही नसावी, आणि सगळे ॲडाप्टर एकाच बटणाने बंद होतील अशा एका पट्टीवर असावेत.

अनेक जुन्या कंट्रोलरना मागे ‘१६ व्होल्ट एसी’ असे लिहिलेली जादा टोके असतात. ती फुकट मिळालेली वाटतात, पण त्यांच्याबाबत दोन गोष्टी ठाऊक असाव्यात. एक म्हणजे, एसीवर एलईडी थेट लावल्यास प्रत्येक आवर्तनात त्याला उलटे व्होल्टेज सोसावे लागते, आणि साधारण ५ व्होल्टच्या पुढे उलटे व्होल्टेज त्याला झेपत नाही. दुसरे म्हणजे, ब्रिज रेक्टिफायर (चार डायोडची जोडणी) आणि कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) लावून त्याचे डीसी केले, तर मिळणारे व्होल्टेज १६ नसते. १६ ला १.४१ ने गुणून डायोडचे १.४ व्होल्ट वजा केले की सुमारे २१ व्होल्ट येतात, आणि भार हलका असेल तर त्याहूनही जास्त. १२ व्होल्टच्या हिशेबाने बसवलेले, करंट आवरणारे सगळे रेझिस्टर मग तापू लागतात. ही टोके वापरायचीच असतील, तर त्यांवर कॉइलच्या मोटरी चालवाव्यात. दिव्यांना त्यांच्यापासून दूर ठेवावे.

काही जण जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय वापरतात, कारण त्यात १२ आणि ५ व्होल्ट दोन्ही आयते मिळतात. मीही वापरला होता. त्याची १२ व्होल्टची बाजू पंधरा-वीस ॲम्पियर सहज देऊ शकते आणि मी मध्ये फ्यूज घातला नव्हता. एका घराखाली तारेचे सोललेले टोक शेजारच्या स्क्रूला टेकले. त्या पुरवठ्याला तो शॉर्ट वाटलाच नाही. केसासारख्या तारेवरचे निळे आवरण सुमारे हातभर लांबीत वितळून प्लायवूडला चिकटले आणि खोलीभर जळक्या प्लॅस्टिकचा वास पसरला. तो डाग अजून तेथे आहे. पुरवठ्याची ताकद जितकी मोठी, तितका फ्यूज अधिक गरजेचा, हे तेव्हा कळले.

फ्यूज आणि फाटे

पुरवठ्यातून निघालेली धन तार प्रथम फ्यूजच्या पेटीत न्यावी आणि तेथून तिचे फाटे करावेत. मोटारगाडीतील चपट्या पात्याच्या फ्यूजची लहान पेटी यासाठी छान चालते, कारण कोणता फ्यूज उडाला हे बाहेरूनच दिसते. आपल्या उदाहरणात घरांचे एलईडी एका फाट्यावर, खांब दुसऱ्यावर, सिग्नल व मोटरी तिसऱ्यावर आणि तंतूचे बल्ब निम्मे-निम्मे चौथ्या व पाचव्या फाट्यावर घ्यावेत, म्हणजे एकाही फाट्यावर ०.६ ॲम्पियरपेक्षा अधिक भार येत नाही आणि प्रत्येकाला १ ॲम्पियरचा फ्यूज पुरतो. फ्यूज हा दिव्याला नव्हे, तर तारेला वाचवण्यासाठी असतो. त्यामुळे फाट्यावरील सर्वांत बारीक तार पाहून त्याचे मूल्य ठरवावे. बल्बच्या फाट्यावर मात्र संथ उडणारा फ्यूज लावावा. थंड तंतूचा रोध फार कमी असल्याने बटण दाबताच पहिल्या क्षणी कित्येक पट करंट वाहतो आणि चपळ फ्यूज विनाकारण बळी जातो.

थंड झाल्यावर आपोआप पूर्ववत होणारे पॉलिफ्यूजही चालतात, पण त्यांना उडण्यासाठी साधारण दुप्पट करंट आणि काही सेकंद लागतात. १.१ ॲम्पियर वाहू देणारा पॉलिफ्यूज उडवण्यासाठी पुरवठ्यातून २.२ ॲम्पियर निघाले पाहिजेत. पुरवठाच २ ॲम्पियरचा असेल, तर फाट्याआधी तोच मान टाकतो आणि मग फाटे करून काहीच साधत नाही.

मुख्य तारा आणि त्यांची जाडी

प्रत्येक फाट्याची तारांची जोडी मांडणीखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावी आणि जेथे दिवा असेल तेथे तिच्यातून बारीक तारा वर काढाव्यात. या मुख्य जोडीला या छंदात ‘बस’ म्हणतात. छोट्या मांडणीवर सर्व फाट्यांना परतीची तार एकच ठेवली तरी चालते, फक्त ती सगळ्यांच्या बेरजेला पुरेल इतकी जाड हवी.

जाडीचा हिशेब एकदा तरी करून पाहावा. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. मांडणी ६ मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन १२ मीटर तार होते. १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेतून ३ ॲम्पियर नेले, तर वाटेत सुमारे ०.४ व्होल्ट गळतात, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. तेच काम ०.२२ चौरस मिलिमीटरच्या बारीक तारेवर सोपवले, तर २.८ व्होल्ट वाटेतच जातात, शेवटच्या टोकाला जेमतेम ९ व्होल्ट पोहोचतात आणि तेथील खांब रोगट दिसतात. म्हणून एकत्रित परतीच्या तारेला १.५, फाट्यांच्या धन तारांना ०.५ ते ०.७५ आणि वर जाणाऱ्या हातभर लांबीच्या तारांना ०.२२ चौरस मिलिमीटर, असे प्रमाण ठेवावे. तारा अनेक बारीक धाग्यांच्या असाव्यात. एकाच जाड धाग्याची तार वाकवता वाकवता तुटते.

रंगांचा नियम पहिल्याच दिवशी ठरवून तो मांडणीच्या पाठीवर लिहून ठेवावा. रुळांसाठी लाल-काळा वापरला असेल, तर उपकरणांसाठी तो रंग पुन्हा वापरू नये. पिवळा, नारिंगी, तपकिरी असे वेगळे रंग घ्यावेत. घरातला एक रंग संपला म्हणून ‘एवढ्यापुरता’ दुसरा रंग लावायचा मोह टाळावा, कारण दोन वर्षांनी तो एवढ्यापुरता कोणालाच आठवत नाही. तारांचे सांधे सोल्डर करून त्यांवर आकसणारी नळी चढवावी किंवा स्क्रूच्या टर्मिनल पट्टीत घ्यावेत. तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळलेले सांधे उन्हाळ्यात सुटतात, कारण चिकटपट्टीचा गोंद पाघळतो. सोल्डरसाठी राळेचा फ्लक्स वापरावा. नळकाम करणाऱ्यांचा आम्लयुक्त फ्लक्स तांबे खात राहतो.

एलईडी आणि त्याचा रेझिस्टर

एलईडी स्वतःचा करंट स्वतः आवरत नाही. ते काम त्याच्यासोबत लावलेल्या रेझिस्टरचे असते. पुरवठ्याच्या व्होल्टेजमधून एलईडीचे व्होल्टेज वजा करावे आणि उरलेल्याला हव्या त्या करंटने भागावे. पांढऱ्या एलईडीवर सुमारे ३ व्होल्ट आणि लाल एलईडीवर सुमारे २ व्होल्ट पडतात. १२ व्होल्टवर पांढऱ्याला ५ मिलिॲम्पियर द्यायचे असतील, तर ९ भागिले ०.००५, म्हणजे १,८०० ओहम लागतात. लाल असेल तर २,००० येतात, म्हणून २.२ किलोओहमचा घ्यावा. यात रेझिस्टरमध्ये जळणारी वीज ०.०५ वॉटच्या आतबाहेर असते, त्यामुळे पाव वॉटचा लहान रेझिस्टर निर्धास्त वापरावा. तीन पांढरे एलईडी एकामागून एक जोडले, तर ९ व्होल्ट त्यांच्यावर जातात आणि ६८० ओहमच्या रेझिस्टरने साधारण ४.४ मिलिॲम्पियरमध्ये तिन्ही पेटतात. फलाटावरील दिव्यांसाठी ही काटकसरीची जोडणी आहे. मात्र अनेक एलईडी समांतर जोडून सगळ्यांना मिळून एकच रेझिस्टर लावू नये. त्यांतला ज्याचे व्होल्टेज किंचित कमी, तो इतरांच्या वाटचा करंट ओढतो. एक झगझगतो आणि बाकीचे मिणमिणतात.

सूत्राने आलेला उजेड डोळ्यांना आवडेलच असे नाही, आणि बहुधा तो जास्तच निघतो. म्हणून मी एक छोटी युक्ती करतो. १ किलोओहमचा एक रेझिस्टर आणि १० किलोओहमचे एक पोटेन्शिओमीटर (खुंटी फिरवून रोध बदलता येणारा रेझिस्टर) एलईडीसोबत एका रांगेत जोडावे, खोलीतला दिवा मालवावा, घर त्याच्या जागी ठेवून दोन पावले मागे सरावे आणि खिडकी खरी वाटेपर्यंत खुंटी फिरवावी. १ किलोओहमच्या त्या रेझिस्टरमुळे खुंटी पार टोकाला गेली तरी करंट ९ मिलिॲम्पियरच्या वर जात नाही. मग जोडणी सोडवून दोन्हींचा एकत्रित रोध मीटरवर मोजावा आणि त्याच्या जवळचा तयार रेझिस्टर बसवावा. माझ्या बऱ्याच घरांत शेवटी ४.७ किलोओहम आला आणि कंदिलासारख्या उजेडासाठी १० किलोओहम. म्हणजे एका दिव्याला फक्त १ ते २ मिलिॲम्पियर पुरले.

हे रेझिस्टर घराच्या आत न ठेवता मांडणीखाली एका पट्टीवर ठेवावेत, म्हणजे पुढे उजेड बदलावासा वाटला तर छप्पर उचकटावे लागत नाही. एलईडीचा लांब पाय धन असतो, आणि पाय कापलेले असतील तर कडेचा सपाट भाग ऋण बाजू दाखवतो. तार आधीच जोडून मिळणाऱ्या अगदी बारीक एलईडींच्या तारांवर लाखेसारखे पातळ आवरण असते. तापलेल्या सोल्डरच्या थेंबात टोक काही क्षण धरले की ते जळून निघते. घर चिकटवण्याआधी प्रत्येक एलईडी ९ व्होल्टची बॅटरी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर यांवर पेटवून पाहावा. घराच्या भिंती आतून आधी काळ्या व नंतर पांढऱ्या रंगाने रंगवाव्यात, नाहीतर भिंतच कंदिलासारखी उजळते. आणि सगळ्या खिडक्या पेटवू नयेत. खऱ्या गावात रात्री निम्मी घरे झोपलेली असतात.

१२ व्होल्टची एलईडी पट्टीही घरांत लावता येते. तिचे तीन-तीन एलईडींचे तुकडे खुणेवर कापता येतात. तिचा उजेड कमी करायचा असेल, तर पीडब्ल्यूएम डिमर (वीज झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी करणारा) वापरावा. व्होल्टेज कमी करत गेल्यास साधारण ८ व्होल्टच्या आसपास ती एकदम विझते, आणि त्याच्या जरा वर तिचा उजेड हाताबाहेर चढ-उतार करतो.

सांध्यांच्या मोटरी आणि ५ व्होल्टची उपकरणे

कॉइलच्या मोटरीला क्षणभर मोठा करंट लागतो, आणि बटण दाबून धरल्यास ती काही सेकंदांत जळते. दोन्हींवर उपाय एकच: कपॅसिटरमध्ये वीज साठवून ती एका झटक्यात सोडणारे सर्किट, ज्याला सीडीयू म्हणतात. त्यात २,२०० ते ४,७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. झटका दिल्यावर बटण अडकून राहिले, तरी कॉइलमध्ये फक्त किरकोळ करंट उरतो. याला वर उल्लेखलेली १६ व्होल्ट एसीची टोके उत्तम. कपॅसिटर २२ व्होल्टच्या आसपास भरतो, म्हणून तो ३५ व्होल्ट क्षमतेचा घ्यावा. १२ व्होल्ट डीसीवर सीडीयू लावल्यास झटका बहुधा अर्धवट पडतो आणि सांध्याची जीभ मधेच अडकते.

संथगतीच्या मोटरीला १२ व्होल्ट डीसी आणि दिशा उलटवणारा दुहेरी टॉगल स्विच एवढेच पुरते. सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) आणि मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम करता येणारी छोटी चिप) यांना ५ व्होल्ट लागतात; त्यासाठी १२ व्होल्टवरून ५ करणारा बक कन्व्हर्टर बसवावा. त्याचा बारीक पितळी स्क्रू फिरवून आधी मीटरवर ५ व्होल्ट दिसू द्यावेत आणि मगच काही जोडावे. नवा कन्व्हर्टर कोणत्या व्होल्टेजवर लावलेला असेल याचा भरवसा नसतो. मायक्रोकंट्रोलरच्या एका पायातून २० मिलिॲम्पियरपेक्षा जास्त मागू नये. दिव्यांचा गट पेटवायचा असेल, तर मध्ये मोठा करंट चालू-बंद करणारे मॉसफेट किंवा यूएलएन२००३ चिप घालावी आणि १२ व ५ व्होल्टच्या ऋण तारा एकत्र जोडाव्यात.

डब्यांतील दिवे

हे दिवे रुळांवरच चालणार. चाकांतून घेतलेली वीज ब्रिज रेक्टिफायरमधून न्यावी, म्हणजे दिशा बदलली तरी एलईडी पेटलेला राहतो. पुढे २२० ते ४७० मायक्रोफॅरडचा, २५ व्होल्टचा कपॅसिटर आणि एलईडीचा रेझिस्टर लावावा, म्हणजे घाणेरड्या रुळांवर उजेड लुकलुकत नाही. डीसीसीवर कपॅसिटरच्या आधी १०० ओहमचा रेझिस्टर घालावा. दहा डब्यांचे रिकामे कपॅसिटर एकदम भरू लागले, की बूस्टरला तो शॉर्टच वाटतो.

वीज सोडणे आणि बिघाड शोधणे

पहिल्यांदा वीज सोडण्यापूर्वी सगळे फ्यूज काढून प्रत्येक फाट्याचा रोध मीटरने मोजावा. तो शून्याच्या जवळ असेल तर आधी शॉर्ट शोधावा. तंतूच्या बल्बच्या फाट्यावर थंड तंतूंमुळे काही थोडेच ओहम दिसतात, त्याने घाबरू नये. त्यानंतर फ्यूजच्या जागी मोटारगाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब दोन तारांनी जोडावा. फाट्यात शॉर्ट असेल तर हा बल्ब लख्ख पेटतो आणि करंट १.७५ ॲम्पियरच्या पुढे जाऊ देत नाही. तो विझलेला किंवा अगदी लालसर राहिला आणि आपले दिवे लागले, तर जोडणी ठीक आहे. मग मीटर मध्ये घालून त्या फाट्याचा करंट मोजावा, तो यादीतील आकड्याशी ताडून पाहावा आणि फ्यूज बसवावा. असे एकेक फाटा करत जावे. शेवटी सगळे दिवे पेटवून बसच्या दूरच्या टोकाला व्होल्टेज मोजावे; ११.५ च्या वर असेल तर तारेची जाडी बरोबर निवडली आहे.

पुढे कधी एखादा फाटा फ्यूज उडवू लागला, तर प्रत्येक दिवा तपासत बसू नये. फाटा मधोमध जेथे जोडला आहे तेथे सोडवावा आणि शॉर्ट अलीकडच्या अर्ध्यात आहे की पलीकडच्या, हे मीटरवर पाहावे. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. चोवीस घरांतून दोषी घर चार-पाच खेपांत हाती लागते. याच कारणासाठी मांडणीच्या तळाचे पाट जेथे जुळतात, त्या प्रत्येक जागी फाट्याला सुटणारा कनेक्टर असावा आणि प्रत्येक घर दोन पिनांच्या कनेक्टरने उचलून काढता यावे. प्रत्येक फाट्याचा पहिल्या दिवशी मोजलेला करंट फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहून ठेवावा. सहा महिन्यांनी तोच फाटा ७२ ऐवजी ६९ मिलिॲम्पियर दाखवू लागला, तर कोठेतरी एका घराचा दिवा गेला आहे, हे मांडणीकडे न पाहताही समजते.